बांधावरची फुलं उपटण्याआधी

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली. दोन वर्षांमागे आमच्या चवळीवर मावा पडला. पानं उलटून पाहते तो माव्याशेजारी काळ्या-नारिंगी, मगरीच्या पिलासारख्या दिसणाऱ्या अळ्या! हीच ती कीड, असं ठरवून मी त्या वेचून वेचून चिरडल्या. पोरांनाही कामाला लावलं. आठवडाभरात मावा शेंड्यापर्यंत चढला. मग कळलं, त्या अळ्या ढालकिड्याच्या. तोच तो ठिपक्यांचा, लाल, गोलमटोल भुंगा. तोही मावा खातो आणि त्याच्या अळ्याही. मी बीए झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पण चोर सोडून राखणदारालाच मारलं की हो!

असल्या राखणदारांचे उपकार आपल्या सांगली जिल्ह्याने तरी विसरू नयेत. 2002 च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी शाळेत होते. पानांखाली पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, खाली गळणारा चिकटा आणि त्यावर धरलेली काजळी. डोक्याहून उंच फडात पंप घेऊन शिरणार कसं? त्या माव्याला आवर घालण्यात मोठा वाटा होता कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा. त्यांच्या अळ्या असलेली पानं एका फडातून काढून दुसऱ्या फडात सोडत.

आता तुम्ही विचाराल, यात फुलांचा काय संबंध? सांगते. सिरफिड माशीची अळी मावा फस्त करते, पण माशी स्वतः जगते मधावर आणि परागावर. क्रायसोपाचंही बरंचसं तसंच. म्हणजे आईला फूल मिळालं, तरच ती आपल्या रानात अंडी घालणार. सासूबाई सांगतात, पूर्वी शाळूच्या रानात करडई-जवसाच्या ओळी असायच्या. ताकारी-टेंभूचं पाणी आलं, आमच्या कडेगाव भागात ऊस वाढला (पाण्याला नावं ठेवत नाही हं मी!), पण बांध वीतभर उरले आणि तेही आपण खुरप्याने चकचकीत करतो. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये शेताकडेला मुद्दाम फुलांचे पट्टे पेरतात आणि सरकार त्याचे पैसेही देतं.

आपल्याला बी विकत आणायला नको. डब्यातले धने रगडून दोन फाका करा आणि बांधालगत हातभर रुंदीत पेरा. सोबत बडीशेप, मोहरी, तीळ, मधूनमधून झेंडू. सगळं एकदम पेरू नका; पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने पेरलं की फुलं पुष्कळ दिवस टिकतात. टोमॅटोत झेंडूच्या ओळी जरूर घ्या. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवरही अंडी घालतो. अळ्या दिसल्या की त्या कळ्या खुडून नष्ट करायच्या. गाजरगवताला मात्र फूल म्हणून दया दाखवू नका, ते उपटाच, आणि हातात काहीतरी घालून. फुलांच्या पट्ट्यावर औषधाचा फवारा मारायचा नाही, नाहीतर पाहुण्यांना जेवायला बोलावून विष वाढल्यासारखं होईल.

फुलांनी सगळंच भागतं असंही नाही. जमिनीतल्या हुमणीला धन्याचं फूल काय करणार? पण चवळीवर यंदा एकदाही पंप चालवावा लागला नाही. "बांधावर काय देव्हारा सजवायचाय?" म्हणणारे आमचे हे दसऱ्याला त्याच बांधावरचा झेंडू विकून आले.

सध्या धन्याला पांढरे तुरे येताहेत. सासूबाई रोज चटणीसाठी कोथिंबीर मागतात. मी त्यांना परसातली देते, बांधावरची नाही.