सेनिओच्या काठावरचे दोघे

अल्लीपुरातही युद्धाच्या बातम्या आता मोबाइलवर येतात. ओरडा फार, माहिती थोडी. मुलांना त्याऐवजी ही जुनी बातमी सांगा.

९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. बांधात जर्मन मशीनगनी. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून एकेक करून मागे आणलं. मग एकट्यानं तीन मशीनगन ठाणी मोडली. त्याच दिवशी कोहाटकडचे अली हैदर नदी ओलांडून गेले. त्यांच्या तुकडीतले तिघेच पलीकडे पोहोचले होते. पाठीत जखम होऊनही त्यांनी दोन ठाणी घेतली.

दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ‘लंडन गॅझेट’मध्ये जाधवांची हकीकत जूनमध्ये छापली गेली, हैदर यांची जुलैमध्ये. आज एकाचं गाव भारतात, दुसऱ्याचं पाकिस्तानात. सांगताना अर्धीच बातमी सांगू नका. दोन्ही नावं एका दमात घ्या.