ब्रेक घरी करा, पण पुरता करा!

"पेडण्या-डिचोलीत चेतकचे ब्रेक आम्ही घरीच करायचो," अशा फुशारक्या इथे फार येतात. करायचात म्हणजे काय? लायनरला पॉलिश पेपर मारायचा, ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची, केबल ताणायची, झालं! तेव्हाच्या लायनरात सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते थेट फुप्फुसात. आणि झिजलेला लायनर घासून जाड होतो काय?

जुन्या जीपमध्ये ब्रेक ऑईलऐवजी इंजिन ऑईल ओतणारे महाभागही आहेत. त्याने आतली रबरं फुगतात, आणि मालपेच्या उतरणीवर ब्रेक दगा देतो.

स्वतः जरूर करा. आपली गाडी आपल्यालाच कळते. पण दोन्ही शू एकदम बदला, धूळ ओल्या फडक्याने पुसा, मोकळ्या जागेत ब्रेक दाबून बघा. मगच चोर्ला घाटाकडे वळा.