काठ खचण्याआधी भेगा बघा

भाईंदर पूर्वेत पावसाळ्याची तयारी म्हटली की नालेसफाई. ती हवीच. पण नाल्याचा काठ, खाडीलगतचा भराव, पुनर्विकासासाठी शेजारी खणलेला खड्डा यांच्याकडे मे महिन्यात कोणी ढुंकूनही बघत नाही. माती घसरते ती नेमकी तिथे.

आपली जमीन मुळात खाडीची. नवघर, गोडदेव, खारीगावच्या आसपास खाजणे आणि मिठागरे होती. त्यांवर भराव पडला आणि वस्ती वाढली. भरावाखालच्या चिकणमातीत पाणी पिऊन फुगणारी खनिजे असतात, देशावरच्या काळ्या मातीत असतात तशीच. भिजली की ही माती फुगते, वाळली की आकसते आणि तडकते.

फसगत होते ती उन्हाळ्यात. वाळत आलेल्या चिकणमातीत उरलेल्या थोड्या पाण्याचा ताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो, म्हणून मे महिन्यात खणलेल्या खड्ड्याची बाजू भिंतीसारखी सरळ उभी राहते. बघणाऱ्याला वाटते, माती पक्की आहे. जूनच्या जोरदार सरी आल्या की पाणी भेगांतून थेट खोल उतरते, ताण सुटतो, माती मऊ पडते आणि भेगेत साचलेले पाणी काठाला बाहेर ढकलते. दरवर्षीच्या या ओल्या-कोरड्या फेऱ्यात मातीची ताकद थोडी थोडी कमी होत जाते. लंडनच्या चिकणमातीतून रेल्वेसाठी कापलेले काही उतार अनेक दशके उभे राहून मग घसरले. तेव्हा ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे सोसायटीच्या सभेत नेहमी ऐकू येणारे वाक्य कुठलीच हमी देत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या शेजारीच शोधले गेले. पवईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर जाडीचा दाबलेला थर द्यायची पद्धत मांडली. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली. आपल्याकडे मात्र काठ खचला की त्यावर डेब्रिजचा ट्रक रिकामा करतात. डेब्रिजमधून पाणी सरळ खाली जाते आणि काठावर वजन वाढते ते वेगळेच. हा उपाय नव्हे, उपद्रव आहे.

सोसायटीच्या आणि चाळीच्या मंडळींनो, मे संपण्याआधी एकदा आवारात फिरा. काठाला समांतर गेलेली लांब भेग सर्वांत वाईट. ती चिकणमातीने ठासून बुजवा, वाळूने नको. संरक्षक भिंतीतली पाणी निघायची भोके मोकळी करा. गच्चीचे पाणी आणि गळका पाइप काठापासून दूर न्या; बारा महिने एकाच जागी मुरणारे पाणी पावसाइतकेच घातक. शेजारी खोदकाम असेल तर बाजूला आधार दिला आहे का, हे बिल्डरला लेखी विचारा आणि त्याची प्रत महापालिकेला द्या. पावसात भेग रुंदावली, खांब किंवा झाड कलले, दारे अडकू लागली, तर सभा बोलावत बसू नका. आधी माणसे बाहेर काढा, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.