मोटारीच्या कांचेवरील पातीं

गेल्या अंकांत छत्रीच्या काड्यांविषयीं जें लिहिलें होतें तें वाचून एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्या विचारतात, "आमच्या मोटारीच्या वायपरचीं पातीं जवळजवळ दर वर्षीं बदलावीं लागतात. एकदांच चांगलीं घेतलीं तर चार-पांच वर्षें टिकतील अशीं कोणतीं?" प्रश्न घर चालविणाऱ्या बाईचा आहे, म्हणजे हिशेबाचा आहे, आणि अगदीं हाच हिशेब दोन वर्षांपूर्वीं मींही केला होता. तो कसा चुकला तें आधीं सांगतों, मग माहितीकडे वळूं.

आमचें बिऱ्हाड साताऱ्यास. घरची मोटार धाकट्या बंधूंचा मुलगा चालवितो. त्या वर्षीं वैशाखांत तो मला म्हणाला, "नाना, वायपरचीं पातीं बदलून घेतों, रबर कडक झालें आहे." मीं अंगणांत जाऊन पाहिलें. पातीं दांड्याला घट्ट होतीं, रबर कोठें तुटलेलें नव्हतें, रंगही काळाभोर होता. शिवाय तीं मींच आदल्या वर्षीं घेतलेलीं. "पांच वर्षें बघायला नको," असें दुकानदारानें छातीवर हात ठेवून सांगितलेलें. मीं म्हटलें, "शाबूत वस्तु टाकून देण्याची आपल्या घरांत रीत नाहीं." वडील माणसाचें वाक्य, पुतण्या गप्प बसला.

ज्येष्ठाच्या अखेरीस चिपळुणास आत्याबाईंचें सहस्रचंद्रदर्शन होतें. तें आटोपून निघावयास आम्हांस उशीर झाला. गाडींत पुतण्या व मी पुढें, मागें आमचें कुटुंब, सूनबाई व तिची चार वर्षांची मुलगी. कुंभार्ली घाट चढूं लागलों तों काळोख पडला आणि पाऊस कोसळूं लागला. वायपर सुरू केला. पातीं हलत होतीं, पण पाणी जात नव्हतें. तें नुसतें इकडून तिकडे सारवलें जात होतें. शेणानें जमीन सारवल्यावर बोटांचे जसे पट्टे उमटतात तसे कांचेवर उमटले, आणि समोरून दिवे आले कीं ते पट्टे पेटल्यासारखे होऊन पुढचें सर्व पांढरें दिसे. चालकाच्या बाजूस, अगदीं खालीं, चार बोटें रुंदीची एक पट्टी तेवढी स्वच्छ पुसली जात होती. पुतण्या मान वांकवून तिच्यांतून रस्ता पाहत होता. थांबावें तर जागा नाहीं, मागें गाड्यांची रांग.

छोटीला मळमळूं लागलें म्हणून सूनबाईनें बाजूची कांच खालीं केली, एवढेंच आमचें दैव. "अहो, दगड! दगड!" असें ती एकदम ओरडली. पुतण्यानें ब्रेक दाबला. वळणावर एक ट्रक बंद पडून उभा होता. त्याचे मागचे दिवे लागत नव्हते. म्हणून रीतीप्रमाणें रस्त्यावर दगड मांडलेले, आणि मागच्या चाकाला आणखी एक दगड लावण्यासाठीं किन्नर पोर ओणवें बसलेलें. आमच्या गाडीचें नाक आणि त्या पोराची पाठ यांत दोन हातांचें अंतर राहिलें. पंधरा-सोळा वर्षांचें पोर असेल.

तें उठलें, आमच्या कांचेकडे पाहिलें, आणि शिवी न देतां खिशांतून तंबाखूची पुडी काढून ओल्या कांचेवर खसाखसा चोळूं लागलें. "काका, पाटणपर्यंत जाल. पण रबर बदला," एवढेंच तें बोललें. ट्रकवाले पावसांत कांचेला तंबाखू चोळतात हें मला त्या रात्रीं कळलें. पाणी थेंबाथेंबानें न साठतां सपाट पसरतें व बऱ्यापैकीं दिसूं लागतें. तीन पिढ्या ज्या घरानें तंबाखूला उंबरठा ओलांडूं दिला नाहीं, त्या घरचीं पांच माणसें तंबाखूच्या आधारानें पाटणास पोंचलीं. घरीं आल्यावर पुतण्या मला एका शब्दानेंही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें.

दुसऱ्या दिवशीं तीं पातीं उतरवून मी ओटीवर घेऊन बसलों. धार बोटावर वांकविली तों तिच्यावर केंसासारख्या बारीक भेगा उघडल्या. सरळ धरल्या तर त्या दिसतच नव्हत्या. वैशाखांत मीं जी तपासणी केली ती व्यर्थ होती, कारण मी पातें जागेवर आहे कीं नाहीं हें पाहत होतों. तें पुसतें कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें.

पात्याचें काम फडक्यासारखें नाहीं. कांचेला टेकते ती रबराची एक अरुंद धार, आणि धारेच्या वर एक नाजूक मान असते. पातें उजवीकडे चाललें म्हणजे धार मागें, डावीकडे कलून ओढली जाते. पातें परत फिरलें कीं मान उलटून धार दुसऱ्या बाजूस कलते. प्रत्येक फेऱ्यास ही कोलांटी उडी झाली पाहिजे. गाडी उन्हाळ्यांत दिवसचे दिवस एका जागीं उभी राहिली कीं मान एकाच अंगास कायमची वळून बसते. मग एका दिशेनें जातांना कांच पुसली जाते आणि परततांना पातें थरथरत, खडखडत येतें.

भेगांचें कारण निराळें. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब सांखळींत ठिकठिकाणीं दुहेरी बंध असतात. हवेंतील ओझोन वायु नेमका त्या बंधांवर घाव घालतो, आणि ऊन व उष्णता रबर जून करण्याचें काम पुरें करितात. यावरून ध्यानांत येईल कीं, पातें पावसानें फारसें झिजत नाहीं. पाणी तर धारेला वंगणासारखें उपयोगी पडतें. पात्याला मारतात तीं ऊन, धूळ आणि कोरडी कांच. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्यास सुमारें सातशें; तरी महाबळेश्वरीं छपराखालीं राहणाऱ्या गाडीपेक्षां पुण्याच्या उघड्या अंगणांतल्या गाडीचीं पातीं आधीं निकामी व्हावीं यांत नवल नाहीं. दुकानदाराच्या "पांच वर्षां"त आपल्याकडचे आठ कोरडे महिने धरलेलेच नव्हते.

येथें थोडें विषयांतर करतों. हें उपकरण प्रथम कोणास सुचलें हें आमच्या घरांतील पुरुषांपैकीं एकासही ठाऊक नव्हतें. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतच्या मेरी अँडरसन नांवाच्या बाई हिंवाळ्यांत न्यूयॉर्कास गेल्या असतां, ट्रामच्या चालकास बर्फाळ पावसांत समोरचें दिसेना हें त्यांनीं पाहिलें, आणि आंतून हातानें फिरवावयाच्या दांड्याला रबर लावून कांच पुसण्याची युक्ति काढली. तिचें पेटंट त्यांस १९०३ सालीं मिळालें. एका कंपनीनें ती कल्पना फायद्याची नाहीं म्हणून नाकारली, आणि पेटंटची मुदत संपून गेली तरी बाईंच्या हातीं पैसा आला नाहीं. आज आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं कांच असलेल्या मोटारीस चालू स्थितींतील वायपर आवश्यक केला आहे. मोटारींतून बाहेरचें दिसत नाहीं हें मागच्या खिडकींतून आमच्या सूनबाईला कळलें, तेव्हां मला या बाईंची आठवण होणें साहजिक आहे.

आतां खरेदी. सर्वांत आधीं पाहावयाचें तें रबर कशाचें आहे. साधें नैसर्गिक रबर स्वस्त, मऊ आणि नवें असतांना उत्तम पुसणारें. पुष्कळदां त्याच्या धारेवर ग्राफाइटचा लेप असतो, तो पातें सुलभ सरकावें म्हणून, यास्तव तो घासून काढूं नये. कांहीं पात्यांत कृत्रिम रबर मिसळतात. तें ओझोनला अधिक तोंड देतें. तिसरें सिलिकोन. त्याच्या सांखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असून त्यांत ते दुहेरी बंध नसतात. म्हणून ऊन व ओझोन यांचें त्यावर फारसें चालत नाहीं, आणि टिकाऊपणांत तें निःसंशय सरस आहे. परंतु किंमत बरीच अधिक, आणि कांच जर तेलकट किंवा मेणकट असेल तर तें पातें कुरकुरतें व थरथरतें. वेष्टनावर "सिलिकोन" हा शब्द मोठा असला तरी खालचीं बारीक अक्षरें वाचावीं. नुसता सिलिकोनचा लेप दिलेलें रबर आणि सबंध सिलिकोनची धार यांत, मुलामा दिलेल्या बांगडींत आणि सोन्याच्या बांगडींत असतो तेवढा भेद आहे.

रबर धरून ठेवणारा सांगाडा दोन प्रकारचा. जुन्या तऱ्हेच्या पात्यांत लोखंडी कमानी असतात व त्या रबराला चार-सहा ठिकाणीं दाबतात. कमानीच्या सांध्यांत धूळ बसली किंवा गंज चढला कीं एखादी कमान दाबेनाशी होते, आणि तेवढाच रुंद पट्टा पुसल्यावांचून राहतो. बाजारांत ज्याला फ्रेमलेस किंवा फ्लॅट म्हणतात त्यांत कमानी नसून पोलादाची एक वांकविलेली पट्टी रबराच्या सबंध लांबीला सारखी दाबते. धुळीच्या प्रदेशांत मी ही पसंत करीन. मात्र तिचा बांक आपल्या कांचेच्या बांकाशीं जुळला पाहिजे, नाहीं तर टोंकें अधांतरीं राहतात. कमानीचें पातें असेल व कमानी धड असतील तर नुसतें रबरही बदलून मिळतें. काटकसर करावयाची ती तेथें.

लांबी अंदाजानें घेऊं नये. बहुतेक गाड्यांत चालकापुढचें पातें व दुसरें पातें सारख्या लांबीचीं नसतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत लांबी दिलेली असते. ती इंचांत किंवा मिलिमीटरांत असेल, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हा हिशेब घरांतलें कोणतेंही मूल करूं शकेल. लांब पातें घेतलें तर कांच अधिक पुसली जाईल हा भ्रम आहे. तें दुसऱ्यावर आपटतें नाहीं तर कांचेच्या कडेवर चढतें. दांड्याचा आंकडाही पाहावा. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा आंकडा फार प्रचलित, पण अलीकडे निरनिराळे खटके आले आहेत. म्हणून जुनें पातें सोबत नेणें हा सर्वांत खात्रीचा उपाय. आणि वेष्टनावर छापलेला निर्मितीचा महिना व वर्ष वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत. मीं घेतलेलीं तीं दुकानाच्या दर्शनी भागीं उन्हांत टांगलेलीं होतीं. तेथें तीं किती उन्हाळे लोंबत होतीं तें मीं पाहिलें नाहीं. वेष्टन त्याच दिवशीं टाकून दिलें.

बसवितांना एक सावधगिरी. पातें काढल्यावर उघडा दांडा स्प्रिंगच्या जोरानें कांचेवर आपटला तर कांच तडकते. म्हणून आधीं खालीं टॉवेलाची जाड घडी ठेवावी. मग कांच साबणाच्या पाण्यानें स्वच्छ धुवावी, कारण जुन्या मेणावर नवें पातेंही सारवणच करितें. पातें पुसावयाचें तें ओल्या फडक्यानें. पेट्रोल अथवा रॉकेल कदापि लावूं नये, त्यानें रबर फुगतें. नंतर पाणी मारून पाहावें. आम्हां जुन्या लोकांस स्थालीपुलाकन्यायाची संवय, शितावरून भाताची परीक्षा; येथें तो न्याय लागू नाहीं. पातें मधोमध सुरेख पुसून टोंकाशीं निकामी असूं शकतें. बारीक रेघ उठली तर धारेला कचरा किंवा खांच आहे, रुंद पट्टा राहिला तर दाब पोंचत नाहीं, सबंध कांच धुरकटली तर बहुधा कांचच मळकट आहे, आणि नवें पातेंही थरथरलें तर दांडा पिळलेला आहे कीं काय हें कारागिराकडून पाहून घ्यावें.

कोरड्या, धुळकट कांचेवर वायपर फिरविणें हें घरांतील तरुणांचें आवडतें पाप आहे. त्यानें धार जाते आणि कांचेवर ओरखडे पडतात ते निराळेच. पातीं कांहीं शें रुपयांचीं, कांच कित्येक हजारांची.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझें उत्तर असें: पांच वर्षें नीट पुसणारें पातें माझ्या पाहण्यांत नाहीं. कांच नेहमीं स्वच्छ असेल तर सिलिकोनचीं घ्यावीं, अधिक पैसे वसूल होतात. नाहीं तर साधीं चांगलीं घेऊन दर वर्षीं बदलावीं. दर वर्षीं बदलावीं लागतात ही आपली तक्रार नसून तीच योग्य रीत आहे. आमच्या घरीं आतां रोहिणी नक्षत्र लागलें कीं पुतण्या पातीं आणतो, मृगाच्या आधीं बसवितो, आणि तारीख मी पंचांगाच्या त्या पानावर लिहितों.

मात्र ती जुनी जोडी मीं टाकलेली नाहीं. तिचें रबर काढून माजघराच्या दाराच्या तळाशीं ठोकलें आहे. फटींतून पावसाळी वारा येत असे, तो बंद झाला. तेथें तें पांच वर्षें खुशाल टिको.