सुट्ट्या पैशांऐवजी गोळी देऊ नये

आमचे किराणा दुकान मारुतीच्या देवळाजवळ आहे हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. दुकानात साबण, काडेपेटी, तेल, चहापूड सगळे मिळते. पण पुढे ओळीने ज्या बरण्या ठेवल्या आहेत त्याच तुम्हांला पाठ आहेत. त्यामुळे हा लेख मी लिहिला म्हणून काही जण हसतील. आण्णांनी वाचला तर काय होईल ते मला ठाऊक नाही. पण बाई म्हणाल्या, मत मांडायचे तर खरे मांड.

माझे मत असे आहे की दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी गोळी देऊ नये.

याला कारण माझी दाढ. दिवाळीच्या सुट्टीत माझी खालची उजवीकडची दाढ ठणकू लागली. आज्जीने लवंग धरायला दिली. म्हणाली, "दुधाची दाढ हाय, पडंल आपसूक." आम्हां सगळ्यांना तसेच वाटले. मग गाल सुजला तेव्हा आण्णांनी तालुक्याला नेले. डॉक्टर म्हणाले, ही दुधाची नव्हेच, कायमची आहे. लवकर आणली असती तर भरता आली असती, आता मुळापर्यंत किडली आहे. मग ती काढली. मी रडलो, पण थोडाच. घरी आल्यावर आज्जी म्हणाली, "कौलावर टाक, नवी यील." मी म्हटले, "आज्जी, हिच्या जागी आता दुसरी येत नाही." तेव्हा ती काहीच बोलली नाही. दाढ मी कंपासपेटीत ठेवली आहे. ज्याला बघायची असेल त्याने मधल्या सुट्टीत यावे.

आपल्याला दुधाचे २० दात असतात आणि ते पडतात. पण साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक एक मोठी दाढ येते. वर दोन आणि खाली दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. ती गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. पहिलीतल्या पोरांना आता ती येत असेल. त्यांना हा लेख वाचता येणार नाही, म्हणून त्यांच्या ताई-दादांनी त्यांना सांगावे.

दाढ कशी किडते तेही मी विचारले. आपल्या तोंडात बारीक जंतू असतात. आपण गोड खाल्ले की ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण झिजते. बाईंनी वर्गात अंड्याचे कवच लिंबाच्या रसात टाकून दाखवले. त्यावर बुडबुडे आले आणि दुसऱ्या दिवशी ते मऊ पडले होते. कवच आणि दात अगदी एकाच पदार्थाचे नसतात, पण कॅल्शियम दोन्हींत असते आणि आम्ल दोन्हींना खाते. आपली लाळ हे आम्ल धुऊन टाकते. पण तिला अर्धा तास तरी लागतो, कधी कधी तासभरसुद्धा. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात टाकली तर लाळेने काय करावे?

म्हणजे गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे. एका रविवारी मी माझा हिशेब मांडला. सकाळी चहा-बटर, मग गोळी, दुपारी गारेगार, पुन्हा गोळी, संध्याकाळी चहा-बिस्कीट, खेळून आल्यावर गोळी, झोपताना साखर घातलेले दूध. सात वेळा झाले. अर्धा अर्धा तास धरला तरी साडेतीन तास आम्ल! बिस्किटाचा लगदा तर दाढेच्या खाचेत तसाच बसून राहतो. आणि झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून ते शेवटचे दूध सगळ्यांत वाईट. आता मी आधी दूध पितो आणि मग दात घासतो. होळीला मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, पण त्या एका बैठकीला. पुरणपोळीवर माझा राग नाही.

कोणी म्हणेल, मग उसाचे काय? आमच्याकडे मोठी माणसे म्हणतात, उसाने दात स्वच्छ होतात. पण उसात साखरच असते, साखर त्याचीच करतात. ऊस खा, पण नंतर खळखळून चूळ भरा. (आज्जी दातांना मशेरी लावते, ती तर तंबाखूचीच असते. त्यावर मी वेगळे लिहीन. तिला वाचता येत नाही, पण कोणीतरी सांगेलच.)

आता गोळीकडे येतो. पैसे देऊन घेतलेली गोळी आपण मागून घेतो. पण आई वीस रुपये देऊन अठराची चहापूड आणायला पाठवते आणि दोन रुपयांच्या दोन गोळ्या हातात पडतात, त्या कोणी मागितलेल्या असतात? एक दुकानाच्या पायरीवर संपते आणि दुसरी वाटेत. मोठ्या माणसांना मिळालेली गोळी घरी जाऊन लहान बाळाच्या तोंडात जाते. माझ्या धाकट्या बहिणीचे पुढचे चार दात असेच काळे झालेत.

आण्णा म्हणतात, "सुट्टे पैसे काय झाडाला लागतात? आन् गिऱ्हाइकाला रुपया कमी दिला तर ते भांडतं." ते खरे आहे. म्हणून मी एक उपाय केला. जुन्या वहीची कोरी पाने शिवून एक वही केली. ज्याचा रुपया-दोन रुपये राहतील त्याचे नाव लिहायचे आणि पुढच्या खरेदीत तेवढे वजा करायचे. आण्णा म्हणाले, "रुपया-रुपयाचं कोण लिहीत बसणार?" मी म्हटले, "शाळा सुटल्यावर मी बसतो."

पहिल्या दिवशी अकरा नावे झाली. दोघांनी मात्र गोळीच पाहिजे म्हणून हट्ट केला, त्यांची नावे लिहीत नाही, ते याच वर्गात आहेत. आण्णांनी अजून हो म्हटलेले नाही. पण काल सकाळी मी शाळेत असताना वहीत तीन नावे वाढली होती आणि ते अक्षर माझे नव्हते.