काडीपैलवानाचं पत्र



गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. अक्षर छान टपोरं, पण खाली नाव नाही. नावाच्या जागी लिहिलंय, 'आठवीतला काडीपैलवान'. आता हे नाव काही त्याने स्वतःहून ठेवलेलं नसणार. पत्र असं आहे: 'गुरुजी, माझं वजन ३२ किलो आहे. कबड्डीत मला कोणी घेत नाही, घेतलं तर पहिल्याच चढाईत बाद. आई वाढते, पण दोन घास जास्त खाल्ले की पोट टम्म होतं. दुकानात पावडरीचा डबा बघून ठेवलाय. घेऊ का?'

नको घेऊस, बाबा! हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी तो घेतलेला आहे. डी.एड.ला असताना माझं वजन होतं ४४ किलो. मित्र म्हणायचे, पंखा लावू नका, हा उडेल. मग मी काय शहाणपणा केला? महिनाभर मेसमधलं रात्रीचं जेवण बंद केलं आणि त्या पैशांतून डबा आणला. दुधाला पैसे उरले नाहीत, म्हणून पावडर पाण्यातच ढवळून प्यायची. महिन्याने काट्यावर उभा राहिलो तर ४३! खोलीतले सगळे हसून हसून लोळले. डब्यामागची बारीक अक्षरं मी तेव्हा वाचली. त्यात साखरच पुष्कळ होती.

आता एका खऱ्या पैलवानाची गोष्ट. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव, जन्म १९२६ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तर त्यांची किरकोळ अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी नावच घेतलं नाही. शेवटी प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून दांडग्या मल्लांना चीत केलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते ५७ किलोच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता ते आकडे पुन्हा बघा. एका गटातून पुढच्या गटात जायला पाच किलोंचा फरक, आणि मध्ये चार वर्षं. आपल्याला मात्र पंधरा दिवसांत बाहू हवेत, नाही का?

तर काडीपैलवाना, तुझ्या पोटाकडे वळू. तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २८६० कॅलरी लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. मुलींना २४००. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेतल्या आहारातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरलेलं आहे. बाकीचं घरी. दोन जेवणांत हे सगळं कोंबायला गेलास तर पोट टम्म होणारच. पोट लहान असेल तर खेपा वाढवायच्या, पाटी जड करायची नाही! दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खा.

आणि जे खाशील ते दमदार हवं. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत चार कॅलरी असतात, पण एक ग्रॅम तेलात नऊ. वरणावर दोन चमचे तेल किंवा तूप घेतलंस तर पोटाला कळतसुद्धा नाही आणि नव्वदेक कॅलरी वाढतात. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्लास तर अडीचशेच्या आसपास. शिवाय त्या मुठीत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यापेक्षा जास्तच. दुकानातला डबा विसर, आजीचा दाण्यांचा डबा उघड.

आपल्या रायगडात तर भात निघाला की वाल पेरतात. थंडीत आपण पोपटी लावतो ती मजेसाठी, पण वालाचं बिरडं आणि भात हे अंग भरायला उत्तम जेवण आहे बरं का. तांदळाच्या प्रथिनात एक घटक कमी पडतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात जो कमी, तो तांदळात. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. सुकट चालत असेल तर ती भाकरीबरोबर घ्या. फक्त जेवणाआधी चहा-बिस्किटं नकोत. चहाने भूक मरते आणि अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी आठवली की मला अजून खाली बघावंसं वाटतं. माझ्या चौथीच्या वर्गात वाडीवरचा एक मुलगा होता. मनगट एवढंसं. खिचडी घ्यायचा भरपूर, पण खायचा अर्धी. मी त्याला चार मुलांदेखत रागावलो, 'अन्न टाकतोस?' तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. नळाच्या मागे जाऊन तो उरलेली खिचडी दप्तरातल्या डब्यात भरत होता. घरी चार वर्षांची बहीण होती. आईबाप सकाळीच वीटभट्टीवर जायचे आणि त्या पोरीचं अंगणवाडीत नावच नव्हतं.

मुलांनो, खायला असून न जाणं वेगळं आणि मुळात खायलाच नसणं वेगळं. हे मला, शिकवणाऱ्याला, तोवर समजलं नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंना घेऊन मी वाडीवर गेलो, बहिणीचं नाव घातलं. मग तो आपलं ताट पुसून खाऊ लागला. जूनमध्ये २१ किलो होता, मार्चमध्ये २३ भरला. तुमच्या वर्गात असं कोणी असेल तर हसू नका, बाईंना किंवा गुरुजींना हळूच सांगा.

बाहूंचं काय, ते राहिलंच. स्नायू वाढतात ते ताण पडल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपल्यावर. तिन्ही हवं, त्यातही झोप जास्त चुकवली जाते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, विहिरीचं पाणी शेंदणं, सगळं चालेल. आज दहा जोर निघत असतील तर पुढच्या आठवड्यात बारा. एक दिवसाआड काढा. मिसरूड फुटायच्या आधी बाहू फारसे फुगत नाहीत, पण ताकद मात्र वाढते, कारण मेंदू आहेत तेच स्नायू नीट वापरायला शिकतो. कबड्डीला तेवढं पुरतं!

जंत असतील तर खाल्लेलं वाया जातं. म्हणून शाळेत जंताची गोळी देतात तेव्हा ती पटांगणाच्या कुंपणाबाहेर फेकू नका. (मला सगळं दिसतं.) मुलींनी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी नको. वजन आपोआप घटत असेल, दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा अन्नावरची वासनाच उडाली असेल, तर आईबाबांना घेऊन सरळ आरोग्य केंद्रात जा. आणि कोणी वजन वाढवायच्या गोळ्या देऊ केल्या तर हात मागे. अशा काही गोळ्यांत स्टेरॉइड असतं. तोंड सुजून गुटगुटीत दिसतं आणि उंची खुंटते.

काडीपैलवाना, महिन्यातून एकदाच वजन कर, त्याच काट्यावर. रोज नको. तुझे आईबाबा शिडशिडीत असतील तर तूही तसाच असशील, त्यात काही बिघडलेलं नाही.

आमच्या कर्जत तालुक्यात एका नदीचं नावच पेज आहे. तिचा आणि ताटातल्या पेजेचा संबंध काय, ते कुणी मला विचारू नका! पण आमच्याकडे सकाळी पेजेत दाण्याचं कूट आणि थोडं तूप घालतात. तुमच्याकडे काय घालतात? लिहून कळवा. आणि काडीपैलवाना, पुढच्या पत्रावर तुझं खरं नाव लिही.

तुमचे,
कडावचे गुरुजी