कुसळ आणि डोळा

सुगीच्या दिवसांत डोळ्यांत कुसळ जाणें ही गोष्ट आपल्या लोकांस इतकी किरकोळ वाटते कीं, तिजसाठीं हातांतला विळा खालीं ठेवण्याची कोणास गरज भासत नाहीं. भाताचें कुसळ असो, उसाचें पातें असो अथवा मळणीचा भुसा असो, त्याच्या योगानें बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडतो, आणि पाल्यापाचोळ्यांतील व मातींतील बुरशी किंवा इतर रोगजंतू त्या वाटेनें आंत शिरतात. पडदा सुजतो, त्यावर व्रण होतो. व्रण भरून आला तरी त्या जागीं पांढरा वण राहतो; त्यासच आपण फूल पडलें असें म्हणतों. व्रण खोल गेल्यास बुबुळ फुटून डोळाच जातो.

आमच्या नोकरीच्या काळांत खातेदारांची सही किंवा अंगठा घेतांना एका डोळ्यांत फूल असलेलीं माणसें वारंवार दिसत. चौकशी करतां बहुतेकांची हकीकत एकच निघे: कापणींत लागलें, आठ दिवस घरगुती उपाय केले. गारपिटीनें पीक गेलें तर पंचनामा होतो. डोळा गेला त्याचा पंचनामा आम्हीं कधीं केला नाहीं, व तो करावा असा अर्जहि कधीं आला नाहीं.

नेपाळांतील भक्तपूर जिल्ह्यांत ह्या विषयाची पाहणी झाली, तिचा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें ओरखडा झालेल्या ४४२ जणांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचें एक टक्का मलम दिवसांतून तीन वेळां, असें तीन दिवस घातलें गेलें. दुखापतीपासून १८ तासांच्या आंत आलेल्या २८४ जणांपैकीं एकासहि व्रण झाला नाहीं. मात्र २४ ते ४८ तासांनीं आलेल्या ४९ जणांपैकीं १४ जणांस तो झाला. विलंबाचा हिशेब यापेक्षां स्पष्ट कोणता पाहिजे?

तथापि हें मलम जंतूंवर चालतें, बुरशीवर नाहीं. बुरशीस नॅटामायसिनसारखें निराळें औषध लागतें, व तें आठवडेच्या आठवडे घालावें लागतें. म्हणून ठणका, लाली व उजेड न सोसणें ह्यांपैकीं कांहींहि दुसऱ्या दिवशीं राहिल्यास नेत्रवैद्याकडेच जावें. एरंडेल, मध, दूध किंवा जिभेनें कुसळ काढणें हे उपाय प्रेमानें केले जातात, एवढेंच त्यांविषयीं बरें बोलतां येईल. त्यांहून घातक प्रकार म्हणजे दुकानांतून आपल्या मनानें आणलेले स्टेरॉइडचे थेंब. त्यांनीं लाली ओसरते, रोग्यास बरें वाटतें, आणि आंत बुरशी मोकाट वाढते.

आमची सूचना अशी कीं, बियाणें व खतें ठेवणाऱ्या प्रत्येक सोसायटीनें सुगीपूर्वीं साधे पारदर्शक चष्मेहि विक्रीस ठेवावे, व मळणीयंत्र भाड्यानें देणाऱ्यानें ते यंत्रासोबत द्यावे. खळ्यावर मजुराच्या डोळ्यास लागल्यास त्यास त्याच दिवशीं तालुक्यास पाठवावें, आणि त्या दिवसाची मजुरी कापूं नये. मजुरी बुडेल ह्या भीतीनेंच पुष्कळ जण दुखरा डोळा लपवितात, हें आम्हां जमीनवाल्यांस ठाऊक नाहीं असें नाहीं.